विमोचन होईपर्यंत वाटू नये

ये गं, जवळ बस जरा. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं कोल्हापुरात, हे मला कळतं. पण समोर माणूस बसलंय असं धरल्याशिवाय मला चार ओळी लिहिता येत नाहीत. तेव्हा सरक अशी पुढं, आणि तो मोबाइल ठेव बाजूला. परवा फोनवर मला काय म्हणालीस ते आठवतंय का? मी सहज विचारलं, तुमच्या हापिसात भुईमुगाच्या रोगावरचं पुस्तक छापून आलंय म्हणतेस, तर एक पाठव की, इथं एकीला हवंय. तर म्हणालीस, "मावशी, विमोचन झाल्याशिवाय बाहेर देता येत नाही. नियम असतात. आणि नियमाला काही कारण असतं."

कारण असतं म्हणे! नोकरीला लागून वर्ष झालं नाही तोवर खुर्चीची भाषा आली तोंडात. मी फोन ठेवून दिला, कारण पुढं बोलले असते तर तुला रडवलं असतं. आता राग जरा खाली बसलाय. जरा म्हणजे जराच. तुझ्या आईची काजूची झाडं गेली, एवढं तुला ठाऊक आहे. तू तेव्हा दुसरी-तिसरीत होतीस. कशानं गेली ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण तुझ्या आईपुढं तो विषय काढायची आमच्यात कुणाची हिंमत नाही. आज मी काढते.

मी त्या वेळी शाहूपुरीतल्या एका छापखान्यात बाइंडिंगला होते. नव्वदीची मधली सालं असतील. छापून आलेले मोठे कागद, त्याला फर्मा म्हणतात, ते आम्ही बायका घडी घालून लाकडी पट्टीनं दाबायचो, पानं जुळवायचो, पिना मारायचो, गठ्ठे बांधायचो. शाळा माझी तिसरीत सुटली. पुढचं सगळं वाचन त्या टेबलावर झालं. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, दहावीची गाइडं, बँकांची कॅलेंडरं, जे हाताखालून जाईल ते वाचायचं. हात घडी घालतो, डोळे रिकामेच असतात, त्यांनी काय करायचं? शेजारची बाई म्हणायची, "ही बघा, पगार घडीचा घेती आन् शाळा फुकट शिकती."

तर एका संक्रांतीच्या सुमाराला एका सरकारी शास्त्रीय कार्यालयाचं काम आलं. काजूवरच्या किडींची पुस्तिका. हातभर लांबीची नव्हे, एवढीशी, पण आत रंगीत फोटो. आणि मराठीत! नाहीतर ही मंडळी शास्त्र लिहायचं म्हटलं की इंग्रजीच्या खाली उतरत नाहीत. ही शेतकऱ्यांसाठी होती. तसं मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरात होतं, 'शेतकरी बांधवांसाठी'.

तिसऱ्या का चौथ्या पानावर माझा हात थांबला. फोटो होता एका झाडाच्या बुंध्याचा. बुंध्याला जमिनीजवळ बारीक भोकं, त्यातून डिंक आलेला, आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला, सुतारानं करवत चालवल्यासारखा. वर पानं पिवळी. खाली लिहिलेलं: रोठा. खोड पोखरणारी अळी.

अगं, ते झाड मी बघितलं होतं! त्याच्या आधीच्याच दिवाळीला मी चंदगडला तुमच्याकडं गेले होते, तेव्हा तुझ्या आईनं मला वर उतारावर नेऊन दाखवलं होतं. "बघ की, ह्या झाडाला काय झालंय. पानं पिवळी पडाल्यात. भूक लागली आसंल म्हणून शेण घातलं बुडात." तो उतार तुला आठवत असेल. आक्कानं, म्हणजे तुझ्या आईनं, लग्न होऊन आल्यावर, सासू नको नको म्हणत असताना, डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली ती झाडं. सासू म्हणायची, कातळावर काय उगवतंय? आणि आक्का म्हणायची, बघाच. ती झाडं म्हणजे तिचं सासूला दिलेलं उत्तर होतं. माणसं आपल्या पोरांबद्दल सांगतात तसं ती त्या झाडांबद्दल सांगायची.

मी पुढं वाचलं. अळी सालीखाली असते. वेळेत बघितलं तर साल तासून तिला काढता येते, औषध लावता येतं, झाड वाचतं. पण झाड पार गेलं असेल तर ते मुळासकट काढायचं आणि लाकूड बागेबाहेर न्यायचं. शेजारीच एक फोटो, झाडाला टेकवून रचलेल्या लाकडांचा, आणि त्यावर लाल फुली. 'कीडग्रस्त झाडाचे लाकूड बागेत रचून ठेवू नये.' कारण आतली अळी तिथंच मोठी होते, भुंगा होऊन बाहेर पडते आणि शेजारच्या झाडावर अंडी घालते.

आता चंदगडचा पाऊस तुला मी काय सांगायचा? तिकडं चार महिने काडी वाळत नाही. म्हणून शिमग्याच्या आधीपासून प्रत्येक घर लाकडं जमवायला लागतं. वाळलेलं झाड दिसलं की तोडायचं, तुकडे करायचे आणि वारं लागावं म्हणून उभ्या झाडांना टेकवून ठेवायचे, मे महिन्यात घरी न्यायचे. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत. दाजी, म्हणजे तुझे वडील, दर साली तेच करायचे. गेलेल्या काजूचं लाकूड चांगल्या काजूला टेकवून. चोराला घराची किल्ली द्यावी तसं. पण माहीत कुणाला होतं!

मी मालकांकडं गेले. मालक माणूस वाईट नव्हता. म्हटलं, "मालक, ह्यातलं एक द्या मला. माझ्या भणीचा बाग चाललाय."

"सरकारी काम हाय बाई. एक जरी कमी भरलं तर पुढचं काम मिळणार न्हाय. विमोचन झाल्याबिगर एक प्रत भायेर जायाची न्हाय, तसं लिहून दिलंय मी."

"मग कवा हाय विमोचन?"

"मंत्री तारीख देतील तवा."

तू म्हणशील, पदरात घालून आणायचं एक. आमच्या गल्लीतल्या बायका अजून म्हणतात. दारात पिशव्या तपासायचे ते सोड. पण मी का चोरायचं? ज्याच्यासाठी छापलं त्यानंच ते चोरून न्यायचं? उद्या म्हणाल, सरकारी नळाचं पाणीही चोरून प्या. माझा तो हट्ट होता आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही.

म्हटलं ठीक आहे, पुस्तक नाही तर नाही, तोंड तर आहे. रविवारी एसटीनं गडहिंग्लज, तिथून चंदगड. पोचले तर दाजी कुऱ्हाडीला धार लावत बसलेले. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं. भोकं, भुसा, अळी, लाकूड. दाजींनी ऐकून घेतलं आणि आक्काला हाक मारली, "अगं ए, भायेर ये! शेतकी खात्याच्या सायबीणबाई आल्यात. च्या टाक."

"थट्टा करू नका दाजी. मी वाचलंय."

"कशात?"

"पुस्तकात. सरकारी."

"मग दाखवा की."

"न्हाय दिलं."

"का?"

"विमोचन व्हायचंय."

दाजी असे हसले की कुऱ्हाड बाजूला ठेवावी लागली त्यांना. "म्हंजे आळीनं पन थांबायचं म्हना की तवर." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "पावणीबाई, राग मानू नका. आमचा आज्जा आसंच लाकूड ठेवायचा, बा पन ठेवायचा. तुमी म्हनताय म्हणून एवढी लाकडं डोंगराखाली वाहून न्यायची आन् मान्सं हसली तर? छापल्यालं दाखवा, त्याच्यावर सरकारचा शिक्का दाखवा, मी आख्ख्या वाडीला सांगतो. नुसतं तोंडानं न्हाय जमत."

आणि तुझी आई? तिला माझं पटत होतं की नाही मला कळलं नाही. मला एसटीत बसवताना एवढंच म्हणाली, "त्ये पुस्तक आन गं. म्या वाचून दाखवतो त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्या कार्यालयात गेले. तिथला कारकून तरुण होता, तुझ्यासारखाच, टेबल स्वच्छ, भाषा स्वच्छ.

"पुस्तिका तयार आहे ना साहेब? मीच घडी घातलीय तिची."

"तयार आहे, पण वितरणासाठी खुली नाही."

"मला विकत द्या."

"विक्रीसाठी नाही. मोफत वाटपासाठी आहे."

"मग मोफत द्या."

"विमोचन होईपर्यंत वाटू नये, असा आदेश आहे. विमोचनानंतरही यादीप्रमाणं जाईल. आधी मान्यवर, मग कार्यालयं, ग्रंथालयं, मग तालुका, तालुक्यातून ग्रामपंचायत."

"शेतकरी कितवा हो त्यात?"

त्यानं खरंच यादी बघितली. अगदी मन लावून बघितली. म्हणाला, "शेवटी."

मी म्हटलं, बरं, पुस्तिका नको, ते एक पान तरी लिहून घेऊ द्या, खाली तुमचा शिक्का मारा. तर म्हणाला, "अप्रकाशित मजकुराला शिक्का कसा मारणार?" ह्यावर काय बोलायचं गं? छापून, घडी घालून, पिना मारून, गठ्ठे बांधून झालेला मजकूर अप्रकाशित!

मग सुरू झाला तारखांचा खेळ. शिमग्याच्या आधी तारीख ठरली. मालकांनी मला बोलावून काही प्रती चकचकीत कागदात गुंडाळायला सांगितल्या, वर लाल फीत. "गाठ अशी मार की एका ओढीत सुटली पायजे. स्टेजवर सायबांच्या हातात अडकली तर पंचाइत." मी तशी मारली. तारीख रद्द झाली. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत विमोचन चालत नाही. फीत धुळीनं मळली, ती काढून नवी बांधली. निवडणूक झाली आणि मंत्री बदलले! पहिल्या पानावर जुन्या मंत्र्यांचा फोटो आणि शुभसंदेश होता. आता तो कसा चालेल? नवा फोटो आला, नवा शुभसंदेश आला, आणि आम्ही बायका आख्खा आठवडा गठ्ठे सोडून प्रत्येक पुस्तिकेतलं जुनं पान पट्टीनं फाडून नवं चिकटवत बसलो. ते पान बदलायला कागद होता, खळ होती, माणसं होती, आदेश होता. त्यातली एक पुस्तिका चंदगडला पाठवायला मात्र नियम आडवा येत होता. मंत्री बदलले, चौथ्या पानावरचा रोठा तोच होता, तिथंच होता.

आणि तिकडं दाजींनी त्या साली नेहमीपेक्षा जास्त लाकूड तोडलं, कारण वाळलेली झाडं जास्त होती. सगळं उभ्या झाडांना टेकवलं. वाडीतल्या बाकीच्यांनीही तेच केलं. मे महिन्यात आक्का आली तेव्हा म्हणाली, "आता उताराच्या खालच्या अंगाची पन पिवळी पडाल्यात. त्ये पुस्तक आलं का गं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "एवढं काय लिव्हलंय त्यात, लपवून ठेवायासारकं?"

विमोचन झालं श्रावणात. कोल्हापुरातच, एका मोठ्या सभागृहात. आक्का पंचमीला माझ्याकडं आली होती, तिला मी घेऊन गेले. आम्हाला निमंत्रण नव्हतं, पण पहिल्या दोन रांगा सोडल्या तर सभागृह ओसच होतं, कुणी अडवलं नाही. दीपप्रज्वलन झालं, हार झाले, नारळ झाले. मंत्रीसाहेबांनी फीत ओढली, एका ओढीत सुटली. टाळ्या झाल्या. पुस्तिका छातीशी उभी धरून सगळ्यांनी फोटो काढले. भाषणात म्हणाले, विज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचलं पाहिजे. मी आक्काकडं बघितलं. ती स्टेजकडं बघतच नव्हती. पुढच्या रांगेतला एक पाहुणा मघाशी त्याच पुस्तिकेनं वारा घेत होता, आणि आता ती खुर्चीवर टाकून चहाला गेला होता. आक्का उठली आणि तिनं ती उचलली.

तिला वाचायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. पण फोटोला कुठं वेळ लागतो? लाकडांचा ढीग आणि लाल फुली. तिनं फुलीवर बोट ठेवलं. मग मला म्हणाली, "हे छापल्यालं कवा?"

"संक्रांतीला."

"म्हंजे तू आलतीस त्याच्या आधी."

"व्हय."

ती थेट स्टेजच्या पायरीशी गेली. तिथं त्या कार्यालयाचे मोठे साहेब उभे होते. पुस्तिका पुढं धरून म्हणाली, "सायेब, ह्ये संक्रांतीपासनं का ठेवलं वं तुमी? आमचा बाग गेला की."

साहेब चांगल्या आवाजात म्हणाले, "संक्रांतीपासून नाही हो बाई. आजच प्रकाशित झालंय."

मी मागून म्हटलं, "छापून झालं संक्रांतीला. गठ्ठे मी बांधलेत."

"छापणं वेगळं आणि प्रकाशन वेगळं," साहेब म्हणाले.

त्यावर तुझी आई म्हणाली, "त्ये येगळं हाय त्ये आळीला ठावं व्हतं का?"

ते हसले. आजूबाजूचेही हसले. त्यांना वाटलं, खेड्यातली बाई गमतीनं बोलतेय. "चहा घ्या," म्हणाले, आणि दुसऱ्या कुणाकडं वळले. चहा घ्या! आजही मला चहाच्या वासाबरोबर कधीकधी तो आवाज ऐकू येतो आणि कप खाली ठेवावासा वाटतो.

आम्ही निघालो तर दारात शिपाई उरलेल्या प्रती गोळा करत होता. आक्काच्या हातातली बघून म्हणाला, "मावशी, ती निमंत्रितांची हाय. तुमच्या गावाला ग्रामपंचायतीत यील की." आणि त्यानं ती तिच्या हातातून घेतली. मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण आक्कानं माझा दंड धरला. तुझी आई, जी एसटीत खिडकीची जागा सोडत नाही, तिनं ते पुस्तक सोडलं. म्हणाली, "घेऊ दे त्याला. लाकडं तर जळून गेली माझी चुलीत."

गावाला ते आलंच नाही. दोन-तीन वर्षांनी मी तालुक्याच्या कार्यालयात मुद्दाम गेले, म्हटलं बघू तरी. कपाटावर आमचे गठ्ठे, आमच्याच सुतळीत, न सोडलेले. विचारलं तर म्हणाले, ग्रामपंचायतीनं लेटरहेडवर मागणी करून न्यायचं असतं. म्हटलं, पुस्तक आलंय हे ग्रामपंचायतीला कळवलं का? तर म्हणाले, तसं कळवायचा नियम नाही. मी त्या वेळी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक गठ्ठा सोडून पुस्तिका घेतल्या आणि वाडीत घरोघर टाकल्या. कार्यालयात कुणी अडवलं नाही, कारण मी बोलत असताना कुणाचं तोंड उघडत नव्हतं. दाजींनी एक उघडली, शेवटपर्यंत वाचली आणि मिटून कोनाड्यात ठेवली. त्या दिवशी सायबीणबाई म्हणाले असते तर बरं वाटलं असतं मला. पण तोवर आक्काच्या उतारावर उभं राहिलेलं झाड बोटानं दाखवावं लागत होतं. इतरांची थोडी वाचली. तिची नाही.

आता सांग, ह्यात नियम कुणी मोडला? मालकांनी नाही, कारकुनानं नाही, साहेबांनी नाही, शिपायानंही नाही. सगळे नियमानं वागले. ह्याचाच मला संताप येतो बघ. कुणी लाच मागितली असती, कुणी शिवी दिली असती, तर त्या एकट्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या असत्या. इथं शिव्या कुणाला घालू? फितीला?

तू म्हणालीस कारण असतं. असेल. चुकीचं छापून जाऊ नये म्हणून तपासणी असावी, मला मान्य आहे. मी छापखान्यात जन्म काढलाय, चुकीचं छापलं की काय होतं ते मला माहीत आहे. कुणाला किती प्रती गेल्या ह्याचा हिशेब असावा, तेही मान्य. पण तपासून, छापून, बांधून झाल्यावर जे पुस्तक नुसतं टाळ्यांसाठी थांबतं, त्याच्या थांबण्याला मला कारण दाखव. फोनवर नको दाखवूस. समोर बसून दाखव, तुझ्या आईच्या समोर.

ती सध्या माझ्याकडंच आहे. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरला दाखवायला आली आणि राहिलीय. मी हे लिहितेय ते तिला माहीत नाही. विचारलं तर म्हटलं, पोरीला पत्र लिहितेय. म्हणाली, "लिव्ह, म्हणावं लई दिस झालं तोंड बघून." तेव्हा ह्या महिन्यात जमव. शनिवारी सकाळची गाडी पकडलीस तर दुपारच्या जेवणाला पोचशील. पुस्तक आणू नकोस, नोकरी सांभाळ. पण ये बाई लवकर. मी भांडेन, तू भांड, तिला ऐकू दे. तांबडा रस्सा करून ठेवते.